मावशी हव्यात

आजारी किंवा थकलेल्या माणसाला घरी सांभाळायला कुणी हवं असेल, तर आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला गाठावं. मोठ्यांचे डायपर कुठल्या इमारतीत जातात, कुणाचं इन्सुलिन वाढलं, कुणाचा मुलगा परदेशातून बिल भरतो, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर तो नंबर लिहून देतो आणि वर सांगतो, "बाई चांगल्या आहेत, पण नवरात्रात गावी जातात."

मग ब्यूरो. तिथे फोनवरच उलटतपासणी. बारा तास की चोवीस? पेशंट चालता की बेडरिडन? वजन किती? घरात माणसं किती? खरी मेख या शेवटच्या प्रश्नात असते. पेशंटचं करायला आलेल्या मावशी घरकाम करणार नाहीत, हे आधीच ठरलेलं असतं. घरच्यांना मात्र वाटतं, बसल्याच आहेत, तर जरा कोथिंबीर निवडायला काय हरकत आहे? बऱ्याच मावशी या कोथिंबिरीपायी सोडून जातात, असा माझा दाट संशय आहे. आणि चोवीस तासांच्या मावशी रात्री झोपल्या म्हणून तक्रार करणाऱ्यांनी एकदा स्वतः चोवीस तास जागून दाखवावं.

सामानाचं त्या मानाने सोपं. वॉकर, हवेची गादी, डोक्याकडून वर होणारी खाट विकत घ्यायची घाई करू नये. एखादी संस्था, एखादं गणेश मंडळ अनामत ठेवून हे सगळं वापरायला देतं. वस्तूवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवलेलं असतं. वॉकरपर्यंत ठीक, कमोडच्या खुर्चीवर कुणाचं नाव घालायचं, यावर देणगीदारांच्या घरी काय चर्चा होत असेल!

ज्येष्ठ नागरिक संघाला आपण सहली आणि वाढदिवसांचं मंडळ समजतो. पण चांगला फिजिओथेरपिस्ट कोण, कमी तिखटाचा डबा कुठला, याची नोंद तिथल्या एखाद्या निवृत्त बँकवाल्याच्या डायरीत हमखास सापडते. कुणीच सापडलं नाही, तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. सकाळी ८ ते रात्री ८, फुकट.

एवढं सगळं जुळलं तरी आजोबांची परवानगी बाकी राहते. "मला काय धाड भरलीय?" हा त्यांचा ठरलेला सवाल. त्यावर घरोघरी एकच तोडगा निघतो. मावशी आजींच्या मदतीला आल्यात असं आजोबांना सांगायचं, आणि आजोबांसाठी आल्यात असं आजींना. दोघंही एकमेकांसाठी म्हणून मोठ्या मनाने होकार देतात. मुरलेल्या मावशी दोघांनाही वेगवेगळं गाठून "तुमचं काही नाही हो, त्यांच्यासाठीच आलेय" म्हणतात, आणि दोघांचाही हात धरून फिरवून आणतात. फक्त ब्यूरोला हे कळू द्यायचं नसतं. दोन पेशंटचा दर वेगळा असतो.