जुनं घर राहतं करताना उभयतांनी पाळायचे नियम

जुनं घर आषाढात बघावं. उन्हाळ्यात सगळीच घरं शहाण्यासारखी वागतात. पाऊस आठवडाभर सलग लागला, की छताच्या कोपऱ्यात पिवळसर नकाशा उमटतो, खिडकीखालचा गिलावा फुगतो आणि कपाट सरकवलं की मागची बुरशी दर्शन देते. दलाल सांगेल, "एक हात रंग मारला की जाईल." त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. रंग जातो. पण कर्ज मंजूर होतं मार्चमध्ये आणि मुहूर्त निघतो अक्षय्य तृतीयेचा, त्यामुळे आषाढात घर बघणारी जोडपी विरळाच. तेव्हा आपण घर आधीच घेऊन बसला आहात, असं गृहीत धरूनच हे मार्गदर्शन केलेलं आहे.

घर म्हणजे कोथरूड, नौपाडा, डोंबिवली अशा ठिकाणी 1980 नंतरच्या काही वर्षांत उभी राहिलेली, तीन मजली, लिफ्ट नसलेली, नावाच्या शेवटी 'दीप' किंवा 'कुंज' असलेली इमारत. आत मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा आणि माळ्यावर आधीच्या मालकांनी "असू दे, तुम्हाला उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेला तांब्याचा बंब. उभयतां म्हणजे असं जोडपं, ज्याच्या पगारातून एका बाजूने या घराचा हप्ता जातो आणि दुसऱ्या बाजूने राहत्या घराचं भाडं. काम तीन महिन्यांत उरकायचं असं ठरलेलं असतं. ठरलेलं असावं, त्याने उमेद राहते.

प्रथम सोसायटीकडे जावं. काय तोडणार, काय बांधणार, हे लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. हस्तांतरणाचं अधिमूल्य महापालिका क्षेत्रात 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा 2001 सालचा आदेश आहे. सेक्रेटरींना तो तोंडपाठ असतो. म्हणूनच वरची रक्कम 'ऐच्छिक देणगी' या सदराखाली मागितली जाते. ही इच्छा कोणाची, असं चारचौघांत विचारू नये. पुढे पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडेच असते. याच भेटीत इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं 3 वर्षांतून एकदा व्हायला हवं. "विषय सर्वसाधारण सभेपुढे आहे," असं उत्तर मिळेल. कोणत्या सालच्या, हे विचारायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी तोडफोड, मग नळ आणि वायरिंग, मग वॉटरप्रूफिंग, गिलावा, फरशी, सुतारकाम आणि सगळ्यात शेवटी रंग. वादही याच क्रमाने घालावेत. जोडपी नेमकी उलटी सुरुवात करतात. किल्ली हातात पडली त्याच संध्याकाळी शेडकार्ड उघडलं जातं. हस्तिदंती आणि मोतिया यांतला फरक एकाला दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही, आणि "तुला काहीच कसं वाटत नाही?" इथवर मजल जाते. मग भांडण्याची सगळी ताकद रंगात आणि पडद्यांत संपते. अशा दमलेल्या अवस्थेत एका सकाळी प्लंबर विचारतो, "साहेब, जुनी लाइन चालू आहे, ठेवू का?" त्यावर दोघंही एका सुरात म्हणतात, "ठेवा." सबंध नूतनीकरणात उभयतांचं एकमत होण्याचा हा एकमेव प्रसंग असतो आणि तोच सर्वांत महागात पडतो.

तेव्हा इथे अवश्य भांडावं. त्या काळातले जीआय पाइप बाहेरून धडधाकट दिसतात; आत गंजाचे थर चढून पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली असते. पाइप कापून आत डोकावावं. ते सगळे काढून सीपीव्हीसी टाकावेत. वायरिंगचंही तेच. ज्या काळात हे घर बांधलं त्या काळात घरातली सर्वांत जास्त वीज फ्रिजच खात असे. आता त्याच वायरींवर गीझर, एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन चालवायचे आहेत. दिव्यांना आणि पंख्यांना 1.5, साध्या प्लगना 2.5 आणि गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अर्थिंग तपासलेलं, आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारं आरसीसीबी. हा खर्च मोठा असतो आणि वास्तुशांतीला आलेल्या एकाही पाहुण्याला तो दिसत नाही. कोणी आजवर दुसऱ्याच्या घरी जाऊन "अय्या, काय सुंदर अर्थिंग आहे!" असं म्हटलेलं नाही. हे दुःख उभयतांनी वाटून घ्यावं.

भिंत पाडण्याविषयी थोडं सांगायला हवं. हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं, हे स्वप्न हल्ली बहुतेकांना पडतं. कंत्राटदार भिंतीवर बोटांनी टकटक करतो, कान लावतो आणि म्हणतो, "पाडून टाकू, काही नाही." या चाचणीला अभियांत्रिकीत आधार नाही. आरसीसीच्या सांगाड्यातली साडेचार इंची आडभिंत आणि विटांच्या भारवाहक इमारतीतली नऊ इंची भिंत यांत फरक आहे. दुसरीवर वरच्या मजल्यावरचे आजोबा, त्यांचं गोदरेजचं कपाट आणि त्याच्याही वरची गच्ची विसावलेली असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. त्याची फी ऐकून उभयतां दचकतात. तीच माणसं तासाभराने शोरूममध्ये छतातून पावसासारखं पाणी पाडणारा शॉवर त्याहून जास्त किमतीला घेतात. पाण्याचा दाब तीन मजली इमारतीच्या टाकीचा. हा पाऊस दुष्काळी भागातला असतो.

राडारोडा जिन्यावरून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत उतरवला जातो. तो कुठे जाणार, असं विचारल्यावर कंत्राटदार "त्याची काळजी तुम्ही करू नका" म्हणाला, तर ताबडतोब काळजी सुरू करावी.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करताना जुना कोबा स्लॅबपर्यंत उखडावा. आत विटांचे तुकडे, चुरा आणि वर्षानुवर्षांची ओल निघते. नवं काम झाल्यावर, फरशी बसवण्यापूर्वी, न्हाणीत पाणी तुंबवून किमान 48 तास ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. खालच्या मजल्यावर काकू असतात. त्यांच्या बाथरूमच्या छताला मागच्या मालकाच्या वेळेपासून ओल आहे आणि तिचा इतिहास सनावळीसह त्यांच्या वहीत आहे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. त्या सांगतील ते सगळं ऐकावं, चहा नाकारू नये आणि "आधीच्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही हो काकू" हे वाक्य शक्यतो पत्नीने म्हणावं. तुमच्या बाथरूममधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती तुमच्याच खर्चाने, हा नियम त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत असतो.

फरशीकडे वळू. शोरूममधली फरशी इटलीतल्या संगमरवराचं नाव लावून मोरबीहून आलेली असते आणि तिथल्या दिव्यांखाली सगळंच सुंदर दिसतं. एक नमुना घरी आणून दुपारच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात बघावा. मात्र त्याआधी पायाखाली बघावं. जुनी मोझॅकची फरशी घासून पॉलिश केली तर पुष्कळदा नवीसारखी होते. हे कोणी करत नाही. ती फोडली जाते, जिन्यावरून खाली जाते, आणि मग उभयतां शोरूममध्ये 'टेराझो' नावाच्या नव्या प्रकारावर भाळतात. रंगीत संगमरवराचे बारीक तुकडे, सिमेंटमध्ये बसवल्यासारखे. "आपल्या आजीच्या घरी अगदी अशीच होती ना?" असं म्हणत कार्ड पुढे करतात.

ओट्याची उंची हा विषय लहान वाटतो. तसा तो नाही. सर्वसाधारण नियम असा: स्वयंपाक करणाऱ्याने कोपर दुमडून उभं राहावं आणि कोपराच्या 4 ते 6 इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. मिस्त्री टेप घेऊन विचारतो, "कोणाच्या मापाने?" पाच फूट एक इंच आणि पाच फूट दहा इंच एकमेकांकडे बघतात. 'आम्ही दोघं मिळून करतो' असं जे लग्नापासून सगळ्यांना सांगत आलो, ते इथे ग्रॅनाइटमध्ये उतरवायचं असतं. काही जोडपी मधलं माप काढतात. त्याने दोघांचीही पाठ सारखी दुखते. काहींच्या बाबतीत पुरुष उदारपणे म्हणतो, "तुझ्या मापाने कर." या उदारतेचा अर्थ पत्नीच्या लगेच लक्षात येतो. चहा रोज तोच करत असेल, तर माप त्याचंच घ्यावं आणि तिने पाट घ्यावा.

दोन्हीकडचे वडीलधारे साइटवर येतील. त्यांना खुर्ची द्यावी. एकाने आग्नेय सांगावी, दुसऱ्याने सिमेंटला पाणी मारलं का ते बघावं. दुसऱ्याचा उपयोग जास्त आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता, न लागणारी कडी आणि न बंद होणारा ड्रॉवर दुरुस्त होईपर्यंत, हातात ठेवावा. "घरचंच काम आहे" असं म्हणणाऱ्याच्या बाबतीत तर नक्कीच.

भिंती बंद करण्यापूर्वी पाइप आणि वायरी कुठून गेल्या आहेत त्याचे फोटो काढावेत, बाजूला मापाची टेप धरून. ते दोघांच्याही फोनमध्ये असावेत. वास्तुशांतीच्या दिवशी एक मामा भिंतीवरचं घड्याळ आणि स्वतःचं ड्रिल घेऊन येतो आणि सगळे प्रसादाला बसलेले असताना जागा निवडतो. नेमक्या वेळी ज्याच्या फोनमध्ये फोटो आहेत तो गुरुजींना रिक्षात बसवायला खाली गेलेला असतो. अशा वेळी मेन कॉक बंद करायचा असतो. तो कुठे आहे हे उभयतांपैकी एकाला तरी माहीत असावं. बहुधा तो नव्या मॉड्युलर कपाटाच्या मागे असतो. ते कपाट सुताराने भिंतीला पक्कं ठोकलेलं असतं आणि तेवढं एक काम त्याने अतिशय चोख केलेलं असतं.