पुलावरचे मामा

नेवाशाकडे पाऊस नसतो आणि प्रवरेला पूर असतो. शिवारात बाजरीने माना टाकलेल्या, आभाळ लख्ख निळं, आणि नदी मात्र तांबडीलाल होऊन दोन्ही काठ धरून चाललेली. पाऊस पडतो तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात, घाटघर-रतनवाडीला. त्या भागाला वर्तमानपत्रं नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. भंडारदरा भरलं की पाणी निळवंड्यात उतरतं, निळवंडे भरलं की ओझरच्या बंधाऱ्यावरून खाली निघतं, पुढे मुळेचं पाणी येऊन मिळतं. अशा रीतीने दुसऱ्याच्या पावसाचा पूर आपल्या कोरड्या गावात दाखल होतो, आणि त्याच दिवशी पुलाच्या कठड्याशी मामा दाखल होतात.

मामा हे कोणा एकाचं नाव नाही. कोल्हारला एक मामा असतात, नेवाशाला असतात, पार टोक्याला संगमावर असतात. वय साठीच्या पुढे, निवृत्ती साखर कारखान्यातून. 1950-51 च्या हंगामात प्रवरेकाठी लोणीला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग जिल्हाभर कारखाने उभे राहिले, त्यामुळे कोणत्या ना कोणत्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाची इथे टंचाई नाही. डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ. पाऊस नसतो हे वर सांगितलंच, पण पुराला बोडक्याने सामोरं जाऊ नये असं मामांचं मत आहे. हातात बांबूची काठी, तिला तंगूस, तंगुसाला शिसं, शिशाखाली गळ. नातवाने घरपोच मागवलेली चकचकीत विलायती काठीही घरी आहे. ती मामांनी एकदा हातात घेतली, चक्री फिरवून पाहिली, आणि आता तिच्यावर सुनेच्या ओढण्या वाळतात.

मामांकडे विद्या मात्र खरी आहे, हे मान्य केलं पाहिजे. पुराच्या पाण्यात मासा कुठे असतो, हे नवख्याला कळत नाही. तो नदीच्या मध्यभागी, सगळ्यात जास्त खळाळ दिसेल तिथे गळ फेकतो आणि शिसं हरवून घरी जातो. "मधल्या धारंत मासा कशाला थांबंल?" मामा विचारतात. "तू थांबशील का हायवेच्या मधोमध?" मासा कडेला येतो. पुलाच्या खांबामागे पाणी जिथे उलटं फिरतं तिथे, बुडालेल्या बाभळीच्या आडोशाला, बंधाऱ्याखाली जिथे वर चढायची वाट संपते तिथे. एरवी ज्या काठावर बायका धुणं धुतात, तिथे पुरात शिंगाडा येऊन बसलेला असतो. गढूळ पाण्यात त्याला दिसत नाही, पण मिशा असल्यामुळे अडत नाही. वासावर आणि स्पर्शावर त्याचं भागतं. म्हणून आमिष वासाचं हवं. गांडूळ उत्तम, कोंबडीचं आतडं त्याहून उत्तम. कणकेत पेंड आणि हिंग मळून केलेला गोळा हे मामांचं स्वतःचं संशोधन. त्याचं प्रमाण ते कोणाला सांगत नाहीत, आणि अजून कोणी विचारलेलंही नाही.

मासे पुरात वर का चढतात, यावर मामांचं प्रवचन स्वतंत्र आहे. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, नवं, उथळ पसरलेलं पाणी लागतं. साठलेल्या तळ्यात ते वर्षानुवर्षं जगतील, पण पोरंबाळं होणार नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात पियुष ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून या माशांची वीण करून दाखवली आणि देशभर मत्स्यबीज मिळू लागलं. त्या दिवसाची आठवण म्हणून 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. मामांना ही माहिती आहे, मान्य नाही. "सुईचा मासा आन् चढणीचा मासा, चवीत फरक राहतोच," असं ते म्हणतात. आपण काल खाल्लेला मासा यांपैकी कोणता होता, हे कोणाच्याच चवीला सांगता येत नाही, पण मामांपुढे तसं बोलायची रीत नाही.

चिलापी लागली तर मामा ती धरत नाहीत, हिशेबातही आणि हातातही. आफ्रिकेतून 1952 मध्ये भारतात आणलेला हा मासा आता जिथे पाणी तिथे आहे. मामांच्या दृष्टीने तो अजून बाहेरगावचाच.

मासा ओढू लागला की मामा ओरडतात, "पहिली उचल आली रे!" ऊस घालून उचलीची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या तोंडी दुसरा शब्द येणार कुठून? पुलावरचे बाकीचे मग "अंतिम भाव काय निघतो बघू" म्हणत कठड्याशी गोळा होतात. अंतिम भाव बहुधा निघत नाही. वाम असली तर तंगुसाला पीळ घालून निसटते, शिंगाडा असला तर खांबाला वळसा घालतो, आणि बऱ्याचदा तो वाहून आलेला कोणाच्या तरी मोटारीच्या पाइपाचा तुकडा असतो. थोड्या अंतरावर भोई मंडळी जाळं फेकत असतात. त्यांचं घर त्यावर चालतं, त्यामुळे ती बोलत नाहीत. जाळं गोल उघडून पाण्यावर पडतं, ओढलं की पाटीत भर पडते. मामा तिकडे पाहतात आणि म्हणतात, "जाळ्यात काय, कोणालापण घावतंय."

मामांचा खरा शत्रू पंचांग. ज्येष्ठात नदीला पाणी नसतं. आषाढात एकादशी, घरात मामी माळकरी, पंढरीची वारी चुकवत नाहीत. ज्या गावी ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्या वेशीत मासे तळायचे म्हणजे तसंही दबकत तळावं लागतं. घरात नाहीच, मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या कढईत, आणि ती कढई पुन्हा घरात येत नाही. वारी संपली की अमावास्येपर्यंत आखाडाचे थोडे दिवस मिळतात. पण धरणवाल्यांना आखाडाचं सोयरसुतक नसतं. धरणं भरून दारं उघडतात तोवर बहुतेकदा श्रावण लागलेला असतो. म्हणजे पाणी भरपूर, मासा काठाशी, हिंगाचा गोळा तयार, आणि मामांना महिनाभर बंदी! पुढे भाद्रपदात गणपती, गौरी, मग पितृपक्ष. पितरांना मासे चालत होते की नाही हा वाद मामांनी घरात एकदाच काढून पाहिला.

तरी श्रावणात मामा पुलावर असतातच. या महिन्यात लागलेला मासा ते गळातून हलक्या हाताने सोडवतात आणि "दसऱ्याला ये" असं सांगून पाण्यात टाकतात. मामींना हे पुण्य वाटतं.

मग मासे खायचे नसताना तिथे उभं राहायचं कशाला? याला माझं एक उत्तर आहे. ज्या जिल्ह्याच्या मोठ्या भागात टँकर हे वाहन आधी ओळखीचं होतं आणि नंतर नदी, तिथे नदी भरून आल्यावर घरात बसवत नाही. पण नुसताच कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभा राहिलेला माणूस दिसला की आपल्याकडे कोणीतरी त्याला काम सांगतं. दळण आणा, सोसायटीत जाऊन या, म्हशीला पाणी दाखवा. हातात गळ असला की तो कामात आहे असं समजतात.

त्यातून मामांचा दुसरा व्यासंग जन्मला आहे, धरणांच्या पाण्याचा विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे 28 लिटरच्या वर. हे त्यांच्या नातवाला शाळेत शिकवायच्या आधी मामांनी शिकवलं. भंडारदरा 11 टीएमसी, मुळा 26, निळवंडे सव्वाआठच्या आसपास, हे आकडे त्यांना नातेवाइकांच्या वयांपेक्षा नीट पाठ आहेत. आणि सगळ्या आकड्यांचा शेवट जायकवाडीत होतो. 15 ऑक्टोबरला तिथला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांनी पाणी सोडायचं, हे सूत्र. त्यावर दर टंचाईच्या वर्षी मोर्चे, याचिका, भाषणं. मामांनी या भांडणात एक मुद्दा शोधून काढलाय, तो अजून कोणत्याही वकिलाने मांडलेला नाही. आपलं पाणी खाली जातं, कबूल. पण पूर आला की जायकवाडीच्या नाथसागरातला मासा त्याच पाण्यातून उलटा वर येतो. "पाणी त्यांचं, मासा आपला. म्हंजी मिटलं का न्हाई?" तिकडच्या काठावरही एखादे मामा असतील आणि ते हाच मासा आपला म्हणून मोजत असतील, ही शंका काढली तर मामा ऐकू न आल्यासारखं करतात.

एका बाबतीत मात्र मामा विनोद चालू देत नाहीत. ते पाण्यात पाय घालत नाहीत, कठड्यावर बसत नाहीत. फोन उंच धरून काठावर उतरणाऱ्या पोरांना ते अशा शिव्या घालतात की पुलावर बंदोबस्ताला उभा असलेला पोलीसही मान खाली घालतो. तोच पोलीस दर तासाला "मामा, थांबायची मनाई आहे" असं सांगून जातो, आणि जाता जाता आकडा विचारतो.

परवा एक गाडी हळू झाली, काच खाली आली, आतल्या पाहुण्याने विचारलं, "काय मामा, लागलं का काही?"

"बारा हजार," मामा म्हणाले. "सांजपर्यंत वाढंल."