पायलट व्हायचंय? आधी सातबारा काढा

नाशिकमधल्या अंबडच्या ज्या घरातला बाप शिफ्टला जातो आणि पोरगं गच्चीवर उभं राहून वर बघतं, त्या घरासाठी ही मार्गदर्शिका आहे. बाकीच्यांनी वाचली तरी हरकत नाही. ज्यांच्या खात्यात सव्वा कोट रोख पडून आहेत त्यांना मात्र तिचा काही उपयोग नाही. त्यांची निवड झालेलीच आहे, फक्त त्यांना अजून कळवलेलं नाही.

सुरुवात आनंदाच्या बातमीने करू. भूगोल तुमच्या बाजूने आहे. घरातून निघा, आग्रा रोडला लागा आणि मुंबईकडे पाठ करा. पंचवीस-तीस किलोमीटरवर ओझर, तिथे एचएएलच्या कारखान्यात विमानं बनतात. तसंच पुढे गेलात की धुळं, तिथे गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची शाळा. हा तोच १९२८चा क्लब, जिथे शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळवला. ते जुहूला शिकले, तुम्ही गोंदूरला शिकाल, एवढाच काय तो फरक. आणखी पुढे शिरपूरला एनएमआयएमएसची ॲकॅडमी. आणि गाडी थांबवलीच नाही तर आग्र्यावरून दिल्ली, जिथे परवाने देणारं डीजीसीए बसतं आणि तुमचा कागदही बसून असतो. म्हणजे सगळं करिअर एकाच रस्त्यावर. टोल तेवढे मोजत जा.

हा बेत घरी जाहीर केल्याबरोबर नातेवाईक सल्ला देतील. पहिला सल्ला ठरलेला: "ओझरला नंबर लाव की! आपला अमका तिथेच आहे." १७ ऑक्टोबर २०२५ला ओझरहून तेजस मार्क १ए उडाल्यापासून या सल्ल्याला फारच जोर आलाय. एचएएलमध्ये विमान बनवायला माणसं लागतात, उडवायला हवाई दलातून तयार झालेले वैमानिक असतात, हे समजावत बसू नका. दुसरा सल्ला नाशिकच्याच गांधीनगरचा: तिथे लष्कराची हेलिकॉप्टरं रोज घिरट्या घालतात, तेव्हा "तिथे विचारून तर बघ." होय म्हणा. तिसरा सल्ला मुलींसाठी राखीव असतो: "पोरीच्या जातीला हे झेपेल का?" याला उत्तर १९८५ मध्येच दिलं गेलंय. सौदामिनी देशमुख यांनी त्या वर्षी फोकर फ्रेंडशिप विमान फक्त महिलांच्या क्रूसह नेलं होतं. चहाचा कप पुढे करता करता सांगून टाका.

आता वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्मा असेल तर रडू नका. चष्मा लावून सहा बाय सहा दिसत असेल तर नागरी विमानात चालतं. चष्म्याचा धसका हवाई दलामुळे घराघरांत शिरलेला आहे. रंगांधळेपणाचं मात्र तसं नाही. ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसला नाही तर पुढचे सगळे आकडे वाचलात असं समजा. म्हणून क्लासची फी भरण्याआधी तपासणी करून घ्या. हा या मार्गदर्शिकेतला एकमेव गंभीर सल्ला आहे आणि नेमका तोच कोणी पाळत नाही, कारण क्लासवाले तपासणीच्या आधीच ॲडमिशन देतात.

परीक्षांबद्दल थोडक्यात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, दोन टेक्निकल; प्रत्येकात सत्तर टक्के. हवामानाला आय. सी. जोशी, नियमांना आर. के. बाली, बाकी सेकंडहँड ऑक्सफर्ड. पुस्तकं घेताना मागच्या मालकाने पेन्सिलीने कुठपर्यंत खुणा केल्यात ते बघून घ्या. बहुतेक प्रती तिसऱ्या प्रकरणानंतर कोऱ्या असतात.

आरटीआर मात्र वेगळं प्रकरण आहे. ही रेडिओवर बोलण्याची परीक्षा, तिचा सराव मोठ्याने करावा लागतो, आणि सिडकोच्या घरात मोठ्याने काहीही करायची सोय नसते. बाप रात्रपाळी करून आत झोपलेला. तुम्ही गॅलरीत, हातात मोबाइल उभा धरून: "मुंबई कंट्रोल, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली…" नऊला नाइनर म्हणायचं, तीनला ट्री, पाचला फाइफ. सराव होता होता इंजिन बंद पडण्याचा प्रसंग येतो आणि तुम्ही जिवाच्या आकांताने "मेडे, मेडे, मेडे" करता. शेजारच्या काकू दार उघडून विचारतात, "काय रे, कोण पडलं?" खाली भाजीवाला थांबतो. आतून बाप ओरडतो. त्याही परिस्थितीत आपली उंची, दिशा आणि विमानातल्या माणसांची संख्या न अडखळता सांगता आली, तर समजा परीक्षकासमोरही येईल.

आता मुख्य विषय: पैसे. देशातल्या शाळेतून व्यावसायिक परवाना काढायचा तर साधारण अर्धा कोट धरा. पुढे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ उडवण्याचं टाइप रेटिंग, ते वेगळं. विमान कंपनीचा कॅडेट प्रोग्राम घेतलात तर सगळं मिळून कोटाच्या वर. साडेसात लाखांपुढे बँक शैक्षणिक कर्जाला तारण मागते, म्हणजे विमान शिकण्याची सुरुवात तलाठी कार्यालयातून होते. गावाकडची जमीन असेल तर सातबाऱ्यावर किती काकांची नावं आहेत ते मोजा. प्रत्येक काकाची सही लागेल आणि प्रत्येक काकाला सहीच्या आधी आठवेल की १९९८ साली बांधावरून काय झालं होतं. मी तर म्हणेन, ग्रुप डिस्कशनची तयारी इथेच करून घ्या. चार काकांना एका कागदावर आणणाऱ्याला कुठलंही पॅनल नापास करू शकत नाही.

इथे अंबडकराच्या मनात एक शंका येणं साहजिक आहे. आयटीआय झालेल्या फिटरला कंपनीने ॲप्रेंटिस म्हणून घेतलं तर १९६१च्या कायद्याप्रमाणे कंपनी त्याला स्टायपेंड देते. तुटपुंजा देते, पण देते. मग कॅडेट पायलट हाही शिकाऊच, तर कोट रुपये त्यानेच का द्यायचे? ही शंका मुलाखतीत बोलून दाखवू नका. घरीही बापासमोर नको. त्याने आयुष्यभर शिकाऊ पोरं पाहिलीत, त्याला हिशेब लगेच कळेल.

आता कॅडेट प्रोग्रामच्या निवड प्रक्रियेकडे वळू. अर्ज, त्याची फी, गणित-फिजिक्स-इंग्रजीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, गटचर्चा, मुलाखत. मधेच एक खेळ असतो: एका हाताने जॉयस्टिक धरून ठिपका मध्यभागी ठेवायचा, दुसऱ्या हाताने बटणं दाबायची आणि कानात येणारी बेरीज-वजाबाकी सोडवायची. शिफ्ट सुटताना अंबडच्या एक्सलो पॉइंटवरून स्कूटर काढणं आणि हे यात काडीचा फरक नाही. मुंबई-दिल्लीची मुलं इथे गडबडतात. तुम्ही आरामात काढाल.

मुलाखतीत विचारतात, पायलट का व्हायचंय? "लहानपणापासूनचं स्वप्न" हे उत्तर तुमच्या आधीच्या सगळ्यांनी दिलेलं असतं. "पगार" हे खरं उत्तर आहे, म्हणून ते द्यायचं नाही. जबाबदारी, शिस्त, टीमवर्क अशा शब्दांची माळ लावा. वडील काय करतात, असं विचारलं तर मान वर करून सांगा, मशिन शॉपला असतात. ज्या घरात मायक्रॉनवरून जेवण अडतं त्या घरातला मुलगा चेकलिस्ट वगळणार नाही, हे समोरच्या कॅप्टनला कळायला हवं. नाही कळलं तर तो कॅप्टन नसून एचआरचा माणूस आहे.

निवड झाली की सशर्त पत्र मिळतं. ते फ्रेम करण्याआधी एकदा वाचा, "सशर्त" हा शब्द विशेष लक्ष देऊन. शर्ती तुम्ही पाळायच्या आहेत, आणि तेव्हा जागा असली पाहिजे ही शर्त जगाने पाळायची आहे.

मग उड्डाण. परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० तुम्ही स्वतः कमांडमध्ये. माहितीपत्रकात हे वर्ष-सव्वा वर्षात होतं. प्रत्यक्षात पावसाळा असतो, धुकं असतं, विमान दुरुस्तीला असतं, इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून एअरलाइनला गेलेला असतो. (त्याचं अभिनंदन करा. तोही तुमच्यासारखाच वाट बघत होता.) शाळा निवडताना निदान यादी तरी बघा. डीजीसीएने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांना पहिल्यांदा श्रेणी दिल्या, तेव्हा सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नव्हती. बोर्डाच्या निकालात असं झालं असतं तर पालकांनी शिक्षणाधिकाऱ्याला घेराव घातला असता.

आणि एक दिवस परवाना हातात येतो. इथपर्यंतचा भाग सोपा होता.

इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली, त्याआधी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७०ची. पेपरात "वैमानिकांचा दुष्काळ" असं आलं की तो मथळा कापून देवघरात ठेवू नका. अंबडमध्ये वाढलेल्याला हे सांगायला नको की ऑर्डर आली म्हणजे भरती निघाली असं होत नाही. आधी ओव्हरटाइम वाढतो. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांना वैमानिक पुरेनात, इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि त्याच आठवड्यात परवाना घेऊन घरी बसलेल्या प्रत्येक पोराला मामाचा फोन गेला: "आता तुझं काम झालं!" नव्हतं झालं. कमी पडले होते ते त्या विमानाचं रेटिंग असलेले, रोस्टरवरचे वैमानिक. २०० तासांचा मुलगा तेव्हाही घरी होता आणि नंतरही.

उलट बाजूने दुष्काळ पटकन संपतो. २०१२ मध्ये किंगफिशर बसली, १७ एप्रिल २०१९ला जेट थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी हजारो तास उडालेले लोक रांगेत येऊन तुमच्या पुढे उभे राहतात. त्यांना "मागे व्हा" म्हणता येत नाही.

या काळात परवाना जिवंत ठेवायलाही खर्च येतो. मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी, आणि हातातलं उडणं विसरू नये म्हणून अधूनमधून विकत घेतलेले तास. मशीन बंद, मेंटेनन्स चालू. ईएमआयला यातलं काही माहीत नसतं, तो पाच तारखेला येतो.

"सध्या काय करतोस?" या प्रश्नाला "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर द्यावं, त्यात खोटं काही नाही आणि खरंही काही नाही. जोडधंदा हवा असेल तर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर ड्रोनने फवारणी करणारे लोक आहेत. ड्रोनचा परवाना आठवडाभराच्या कोर्सने मिळतो, दहावीवर मिळतो आणि त्यावर लगेच काम मिळतं. हे आईला सांगू नका. ती कॅलक्युलेटर घेऊन बसेल.

आणि एके दिवशी बोलावणं येतं. सिम्युलेटर चेक निघतो, तुम्ही ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर होता आणि बेस मिळतो नाशिकपासून जितका लांब शक्य असेल तितका. त्याच आठवड्यात पाथर्डी फाट्यावर तुमचा टोपीतला फोटो असलेले तीन फ्लेक्स लागतात, तीन वेगवेगळ्या क्लासेसचे, "आमचा विद्यार्थी" म्हणून. त्यातल्या एका क्लासची पायरीही तुम्ही चढलेली नसते. भांडायला जाऊ नका. तिथलेच सर तुम्हाला पुढच्या रविवारच्या मोफत सेमिनारला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणार आहेत; जा, नारळ-शाल घ्या, आणि कोणी खर्चाचं विचारलं तर सर सांगतील तेवढाच आकडा सांगा.