अमेरिकेचं वकीलपत्र

परक्या देशाची उणीदुणी काढणं सोपं. त्याची बाजू मांडायची पाळी आली की घाम फुटतो. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी संध्याकाळी नव्याने आलेल्या लोकांसाठी इंग्रजी गप्पांचा वर्ग भरतो. फी नाही, हजेरी नाही, आणि शिकवणाऱ्याला पगारही नाही. गप्पांचा विषय ठरलेला: अमेरिकन संस्कृती आणि समाज. म्हणजे मूळची सांगलीची मी तिथे अमेरिकेचं वकीलपत्र घेऊन बसते आणि समोरचा अख्खा वर्ग माझी उलटतपासणी घेतो.

वर्गात घरोघरी साफसफाईची कामं करणाऱ्या इक्वेडोरच्या एक बाई आहेत. एक युक्रेनचा इंजिनिअर आहे. नातवाला सांभाळायला आलेले चिनी आजोबा आहेत. आणि लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या कराडच्या काकू आहेत. काकूंचं इंग्रजी बेताचं, पण प्रश्न विचारायला भाषा यावी लागते असं त्यांना मुळीच वाटत नाही.

फेब्रुवारीत ग्राउंडहॉगचा खटला उभा राहतो. २ तारखेला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात फिल नावाच्या, घुशीचा थोरला भाऊ शोभेल अशा प्राण्याला बिळातून बाहेर काढतात. काळे कोट आणि उंच टोप्या घातलेली पोक्त मंडळी त्याला उचलून धरतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे. नाही दिसली तर वसंत लवकर. हे १८८७ पासून चालू आहे आणि हल्ली टीव्हीवर थेट दाखवतात.

‘चंद्रावर माणूस पाठवला तो हाच देश ना?’ इंजिनिअरने शांतपणे विचारलं.

‘गंमत असते हो, खरं कोण मानतंय,’ अशी माझी सारवासारव चालू होती, तेवढ्यात काकू मराठीत म्हणाल्या, ‘त्यात काय एवढं, ताई? आपल्याकडे नाही का पंचांगात नक्षत्राचं वाहन बघत? बेडूक, म्हैस असली की पाऊस धो धो. कोल्हा, मेंढा असला की बोंब.’ मी ते इंग्रजीत सांगितलं. आमचा पाऊस कोल्ह्यावर बसून येतो हे कळल्यावर इंजिनिअरने घुशीवरचा आक्षेप मागे घेतला.

चिनी आजोबांची तक्रार मात्र रोख रकमेची. नातवासाठी त्यांनी दहा डॉलरची मोटार निवडली, दहाची नोट मोजून काउंटरवर ठेवली आणि पोरगी म्हणाली, दहा डॉलर सहासष्ट सेंट. आजोबांनी मोटारीवरची चिठ्ठी तिला दाखवली. तिने आजोबांना पावती दाखवली. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि तो चिठ्ठीवर नसतो, काउंटरवर उगवतो. मी बाजू मांडली: राज्याराज्यात कर वेगळा, म्हणून चिठ्ठीवर लिहीत नाहीत.

‘पण दुकान तर एकाच राज्यात आहे,’ आजोबा म्हणाले.

मी घाईघाईने टिपकडे वळले, आणि आगीतून फुफाट्यात गेले. कॉफी घेतली की काउंटरवरची मुलगी पडदा आपल्याकडे फिरवते. त्यावर १८, २०, २५ टक्के असे तीन चौकोन, आणि ‘काही नाही’ हा चौथा, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारा. आपण चौकोन दाबेपर्यंत ती मुलगी छताकडे बघते आणि मागची रांग आपल्या बोटाकडे. मी कायदा सांगितला: टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला निदान २.१३ डॉलर दिले पाहिजेत, असा केंद्राचा दर १९९१ पासून आहे. तो टिप धरून किमान वेतनाला पोचला की मालक मोकळा. काही राज्यांत दर जास्त आहे.

‘म्हणजे पगार गिऱ्हाइकाने द्यायचा,’ इक्वेडोरच्या बाई म्हणाल्या. ‘मग मालक काय देतो?’

‘एप्रन,’ इंजिनिअर म्हणाला.

त्याचा स्वतःचा प्रश्न पेट्रोलचा. स्वातंत्र्याचा एवढा डंका पिटणाऱ्या या देशात, न्यू जर्सीत मात्र स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे. कायदा १९४९ चा. ‘परवाना काढून मला बंदूक बाळगता येते,’ तो म्हणाला, ‘पण पेट्रोलची नळी हातात धरता येत नाही?’ कारण सांगतात सुरक्षिततेचं. खरं कारण असं की थंडीत गाडीतून उतरावं लागत नाही, हे सगळ्यांना पसंत आहे. यावर मात्र वर्गात एकमत झालं. काकूंना तर पहिल्यांदाच अमेरिका माणसात आल्यासारखी वाटली.

पण नोव्हेंबरात त्यांनीच मला आडवं केलं. थँक्सगिव्हिंग, म्हणजे महिन्याचा चौथा गुरुवार. त्याआधी राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसच्या आवारात टर्कीला जाहीर माफी देतात. थोरल्या बुश यांनी १९८९ मध्ये दिली, तेव्हापासून ही प्रथाच पडली.

‘त्याने गुन्हा काय केला होता?’ काकूंनी विचारलं.

‘काही नाही.’

‘आणि बाकीच्यांनी?’

बाकीचे कोट्यवधी त्याच आठवड्यात भट्टीत जातात. वकिलाने पुढची तारीख मागितली.

इक्वेडोरच्या बाईंना नागरिकत्वाची परीक्षा द्यायची होती. २०२५ च्या ऑक्टोबरपासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची तयारी करावी लागते. बाईंचा अर्ज आधीचा, त्यामुळे शंभरच. त्यांतले दहापर्यंत विचारतात, सहा आले की पास. बाई भांडी घासताना पाठ करायच्या. घटनादुरुस्त्या सत्तावीस, प्रतिनिधी चारशे पस्तीस, झेंड्यावर तेरा पट्टे कशाचे. इथेच जन्मलेल्या माझ्या लेकाला मी यांतले पाच विचारले. त्याला पट्टे आले.

बाई पास झाल्या. शपथविधीनंतरच्या मंगळवारी केक घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या सुरू झाल्या. दाताच्या डॉक्टरने बिल किती लावलं, विमा कंपनीने त्यातलं किती नाकारलं, त्यांच्या गल्लीतला बर्फ उचलायला गाडी शेवटी का येते. महापौरांच्या कार्यालयात फोन करून झाला होता. दोन्ही पक्ष चोर आहेत, हा निष्कर्षही काढून झाला होता.

तेवढ्यात वर्गात नव्याने आलेल्या एका मुलाने विचारलं, चिठ्ठीवर एक किंमत आणि काउंटरवर दुसरी, असं का? मी घसा खाकरला, राज्याराज्याच्या करांची फाइल मनात उघडली. बाईंनी केक कापता कापता नुसते खांदे उडवले.

‘असंच असतं,’ त्या म्हणाल्या, आणि पुन्हा विमा कंपनीकडे वळल्या.

मुलाचं समाधान झालं. माझ्या एवढ्या वर्षांच्या युक्तिवादाने कुणाचं झालं नव्हतं. देश परका असेपर्यंत माणूस त्याला कारणं विचारतो. एकदा आपला झाला की त्याच्याशी थेट भांडतो, आणि भांडणाऱ्याला माझ्यासारख्या वकिलाची गरज उरत नाही. मी केकचा मोठा तुकडा घेतला. या वकिलीत मिळालेली ती माझी पहिलीच फी.