बसवा त्येला!

माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, टेनिस बॉलची एक टीम असते आणि त्या टीमला एक निवड समिती असते. टीमला अकरा जण लागतात, निवड समितीला एकच गडी पुरतो. वय पन्नाशीच्या पुढं, डोक्यावर टोपी असली तर असली, खिशात चष्मा आणि तंबाखूची पुडी एकमेकांत कायमची अडकलेली. नाव गावागणिक वेगळं असतं. आपण त्यांना आप्पा म्हणू. आप्पांनी स्वतः कधी काय खेळलं हे विचारायचं नसतं. विचारलंच तर "आमच्या टायमाला मैदान कुठं हुतं?" एवढं सांगून ते विचारणाऱ्यालाच बसवतात.

बसवणं हा आप्पांचा मूळ व्यवसाय. शेती जोडधंदा. सकाळी डेअरीत दूध घालून ते स्टँडजवळच्या टपरीवर टेकले की निवड सुरू होते. आदल्या दिवशी भारताची मॅच झाली असेल तर पहिल्या चहाला सलामीवीर बसतो, दुसऱ्या चहाला विकेटकीपर. मॅच नसेल तर वायरमन बसतो, सोसायटीचा सचिव बसतो, धाकटा जावई तर कायम राखीवमध्येच असतो. भारत जिंकला तरी सुटका नाही. "जिकलो की. पण त्येच्यामुळं न्हाय. बसवा त्येला."

हल्ली आप्पांच्या अजेंड्यावर एकच विषय आहे: गावच्या टीमचा ओपनिंग बॉलर. पोरगा दिवसा ट्रॅक्टर चालवतो आणि रविवारी पहिली ओव्हर टाकतो. त्याला सगळे एक्सप्रेस म्हणतात. माळशिरसला अजून रेल्वे आलेली नाही, त्यामुळं गावाला एक्सप्रेस म्हणून दाखवायला एवढाच होता. दोन वर्षं त्यानं समोरच्या टीमला पळवून लावलं. आणि आता संक्रांतीपासून असं झालंय की पहिली ओव्हर संपेपर्यंत समोरची टीम अर्धी मॅच जिंकून पाणी प्यायला लागते. आठ ओव्हरची मॅच, एका बॉलरला दोन ओव्हर. त्यातली पहिलीच अशी गेली की उरलेल्या सात टाकायच्या तरी कशाला, असा कॅप्टनचा चेहरा होतो.

"पॅसेंजर झाली त्येची," आप्पा म्हणतात. "हर खांबाला थांबतीया. बसवा."

इथं मैदानाची माहिती देणं भाग आहे, कारण आप्पांच्या निकालात ती कुठंच येत नाही. मैदान म्हणजे एक पडीक रान. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला, म्हणजे उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या लेग साइडला, ऊस. नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथवर पोचतं तिथवर तालुक्यात दुसरं काही उगवायला लाजतं. आता उसात गेलेला बॉल शोधायचा म्हणजे अर्धा तास जातो, पाचटानं हातपाय कापतात, आणि आत जनावर असलं तर फील्डर परत येईल याची खात्री नसते. म्हणून फार पूर्वीपासून नियम आहे: बॉल टप्पा न पडता उसात गेला की बॅट्समन आऊट. सिक्सर नाही, आऊट.

एक्सप्रेसनं या नियमावर संसार उभा केला होता. बॉल लेग स्टंपवर, थोडा आखूड, मारावासा वाटेल असा. परगावच्या पोराला मोह आवरत नसे. तो कचकून फिरवायचा, बॉल उंच जाऊन उसात पडायचा आणि पोरगा बॅट बगलेत मारून परत. टीमचा स्कोअरर अकरावीतला आहे आणि त्याचा स्वभाव काटेकोर आहे. त्यानं दोनशे पानी वहीत प्रत्येक विकेट नियमाप्रमाणं लिहिलीय: झे. ऊस, गो. एक्सप्रेस. पानामागून पान तेच. झे. ऊस, गो. एक्सप्रेस. मध्येच एखादा त्रिफळा, बहुधा चुकून.

पुढं काय झालं ते तालुक्यात कुणाला सांगायला नको. कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, त्यांच्या कोप्या पडल्या, आणि संक्रांतीच्या आसपास त्या उसाला तोड आली. लेग साइडला आभाळापर्यंत मोकळं झालं. नियम रद्द. त्याच जागी पडलेला तोच बॉल आता सिक्सर आहे. पोरगं पूर्वी टाकत होतं तस्संच आजही टाकतंय; त्याचा भरवशाचा फील्डर तेवढा ट्रॉलीत बसून कारखान्याला गेलाय.

स्कोअररनं हे आप्पांना वही उघडून दाखवलं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि वही बंद केली.

"त्ये ऊसबिस मला सांगू नगं. रन किती गेले ते बघ."

माझ्या मते आप्पा या जातीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. त्यांना बॉल दिसत नाही, आकडा दिसतो. आकडाही शेवटच्या मॅचचाच. त्याच्या आधीचा इतिहास त्यांच्यासाठी शिवकालात जमा.

आता आप्पांचा अनुभव काही गावापुरता नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण त्यांनी स्वतः हाताळलेलं आहे. २००३ ची वर्ल्ड कप फायनल, जोहान्सबर्ग. झहीरच्या पहिल्याच ओव्हरला पंधरा रन गेले आणि सात ओव्हरमध्ये सदुसष्ट. आप्पांनी त्याला टपरीवरच्या टीव्हीसमोर तिथल्या तिथं बसवला. निर्णय मुंबईला पोचायला दोनेक वर्षं लागली एवढंच. पण झहीर खरोखर संघाबाहेर गेला. मग २००६ साली तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळला, धाव कमी केली, एका मोसमात ७८ विकेट काढल्या. परत आला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला एका टेस्टमध्ये नऊ बळी घेऊन सामना जिंकून दिला. आणि २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं सगळ्यांत जास्त. वानखेडेवरच्या फायनलला पहिल्या तीन ओव्हर निर्धाव.

"बसवला म्हनून सुदारला," आप्पा सांगतात. "आन बसवला कुनी?"

टपरीवर कुणी उत्तर देत नाही. चहाचे पैसे अजून दिलेले नसतात.

गोष्ट चांगली आहे, फक्त तिच्यातून एक बारीक तपशील दरवेळी गळतो. झहीरला घरी बसवून सुधारणा झाली नाही. त्या वर्षी त्यानं वूस्टरच्या मैदानावर बॉलिंग टाकली, ओव्हरमागून ओव्हर. त्याला खाली जायला जागा होती.

हा मुद्दा आप्पांच्या पुतण्यानं अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर मांडून पाहिला. पुतण्या न्यू जर्सीत असतो आणि तिकडं राहून त्याला बेसबॉलचा नाद लागलाय. त्यानं सांगितलं, बेसबॉलमध्ये सुरुवातीला बॉल टाकणारा असतो त्याला स्टार्टिंग पिचर म्हणतात. टीममध्ये साधारण पाच जण असे असतात आणि ते पाळीपाळीनं टाकतात, म्हणजे एकाची पाळी पाच दिवसांतून एकदा.

"पाच दिसांतनं एकदा?" आप्पा म्हणाले. "आन पगार? मग त्यो पिचर कशाचा, तलाठीच की त्यो."

पुतण्यानं धीर सोडला नाही. रॉय हॅलडे नावाचा पिचर होता, टोरंटोचा. २००० साली त्याला इतका मार बसला की नऊ डावांच्या सामन्यामागं त्याच्या नावावर सरासरी साडेदहाच्या वर रन लागले. तिकडं मुख्य लीगच्या खाली ट्रिपल ए, तिच्या खाली डबल ए, तिच्याही खाली सिंगल ए अशी उतरंड आहे. २००१ मध्ये हॅलडेला थेट सिंगल ए मध्ये धाडलं, पोरासोरांत. तिथं त्याच्या हाताचा कोन बदलला, बॉल टाकायची तऱ्हा पहिल्यापासून बांधली. २००३ ला तो आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, २०१० ला दुसऱ्या लीगमध्ये पुन्हा ठरला.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मात्र मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो, कारण या विषयावर इतका नेमका प्रश्न मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही.

"आपल्यात खाली काय हाय?"

खरंच काय आहे? गावच्या टीमच्या खाली दुसरी टीम नाही. प्रशिक्षक नाही, नेट नाही. अकरातून काढलेला गडी बाराव्या नंबरला पाण्याची घागर भरतो, तेराव्या नंबरला कॉमेंट्रीवाल्याच्या मंडपाचा दोर धरतो, आणि चौदाव्या नंबरला रविवारी सासुरवाडीला जायला लागतो. सासुरवाडीला लागलेला बॉलर परत आलेला कुणी पाहिला नाही. निवड समितीत बसल्याजागी "बसवा" म्हणणं सोपं जातं त्याचं कारण, बसवलेला माणूस बसतो कुठं हे आप्पांना बघावं लागत नाही.

जागा नसली तर ती शोधत लांब जावं लागतं. याचं उदाहरण तालुक्यातच आहे. मिरे गावची किरण नवगिरे आधी भाला फेकायची. पुढं ती पाहुणी खेळाडू म्हणून पार नागालँडकडून खेळायला गेली. २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध तिनं नाबाद १६२ केल्या. टी-ट्वेंटीत दीडशे ओलांडणारी ती पहिली भारतीय, बायापुरुष दोन्ही धरून. त्याच वर्षी ती भारताकडून इंग्लंडमध्ये खेळली, मग संघाबाहेर गेली. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ बॉलमध्ये शतक ठोकलं, महिला टी-ट्वेंटीतलं जगातलं सर्वांत वेगवान. आप्पा अभिमानानं सांगतात की तिला त्यांनी एकदाही बसवलं नाही. खरं आहे. फ्लेक्स लागेपर्यंत त्यांना तिचं नावच माहीत नव्हतं.

अजित आगरकरचं मात्र त्यांना फार लागलंय. २००२ साली लॉर्ड्सवर आगरकरनं नाबाद १०९ केल्या, त्या दिवशी आप्पांनी त्याला बॉलिंगवरून काढून बॅटिंगला वर पाठवला होता. त्याच्या आधी आणि नंतर किती वेळा बसवला याची मोजदाद नाही. आणि २०२३ मध्ये तोच आगरकर निवड समितीचा अध्यक्ष झाला! आपण ज्याला बसवला त्यालाच बसवायची खुर्ची मिळावी, हे आप्पांना खात्यांतर्गत बढतीतल्या अन्यायासारखं वाटतं. त्याहून मोठा धक्का २०२५ च्या जानेवारीतला. सिडनीच्या टेस्टला फॉर्म नाही म्हणून कॅप्टन रोहित शर्मा आपणहून बाहेर बसला. आप्पांनी दोन दिवस टपरीवर तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सोताच बसला? मग आमी कशाला हाय हितं?"

एवढा कडक माणूस. पण हे सगळं बॉलर समोर नसताना.

गेल्या आठवड्यात टपरीवर आप्पांनी ठराव मांडला, पोरांनी माना डोलावल्या, आणि नेमका त्याच वेळी एक्सप्रेसचा ट्रॅक्टर रस्त्याकडेला येऊन थांबला. पोरगा उतरला, बनियनला ऑईलचे डाग, चेहरा पडलेला. त्यालाही कळत होतं, विषय काय चाललाय.

"ये लका, ये," आप्पा सरकून जागा करत म्हणाले. "तुझंच नाव काढलं. बॉल लई झ्याक पडतुया तुझा."

"रन जात्यात आप्पा."

"जाऊ देत की. नशिबाचा भाग हाय. झहीरला बी गेलं हुतं."

"मग काय करू म्हनता?"

सगळी टपरी आप्पांकडं बघत होती. आप्पांनी तंबाखू मळली, थाप मारली, हातावरची धूळ उडवून दिली.

"दोन्ही ओव्हर सलग टाक. आन च्या सांग सगळ्यास्नी."

चहाचे पैसे एक्सप्रेसनंच दिले. तो गेल्यावर ट्रॅक्टरचा आवाज वळणापलीकडं जाईपर्यंत आप्पा थांबले आणि म्हणाले, "बसवा त्येला. कॅप्टनला सांगा, माझं नाव घिऊ नगा."

कॅप्टनही सांगत नाही, याची कारणं मात्र खेळाबाहेरची आहेत. टीम परगावच्या स्पर्धेला जाते ती एक्सप्रेसच्या ट्रॉलीतून. पीच सपाट होतं ते त्याच्या ट्रॅक्टरखाली. स्टंपांचा संचही त्याच्या गोठ्यात असतो. अशा माणसाला काढायचं तर नुसता दुसरा बॉलर शोधून भागत नाही, वाहतुकीचं टेंडर काढावं लागतं.

तरी निर्णय तर घ्यायलाच हवा, पुढच्या रविवारी नातेपुत्याकडच्या टीमशी मॅच आहे. माझं मत कुणी विचारलं नाही, पण देतो. एक्सप्रेसची पहिली ओव्हर काढून घ्यावी. टीममधून काढू नये. त्याला पाचवी ओव्हर द्यावी, बॅट्समन दमलेला असताना. टोक बदलून द्यावं, म्हणजे लेग साइड ओढ्याच्या अंगाला येईल आणि उंच मारलेला बॉल ओढ्याकाठच्या बाभळींत तरी अडकेल. रोज संध्याकाळी स्कोअररनं एका स्टंपासमोर त्याच्याकडून ऑफची लाइन घोटून घ्यावी, कारण तोडलेल्या उसाचा खोडवा बॉल लपवण्याइतका वाढायला निदान पावसाळा उजाडेल आणि तोवर लेग स्टंपवर टाकून पोट भरणार नाही. आणि हे सगळं त्याला कॅप्टननं स्वतः, तोंडावर सांगावं. आप्पांना पाठवू नये; ते त्याला कॅप्टन करून परत येतील.