नोकरी न लागताही बेरोजगार कसं न राहावं?

(बोदवड तालुक्यातल्या होतकरू पदवीधरांसाठी)

साहित्य : पदवी एक, वडिलांचं कोरडवाहू वावर, मोबाइल आणि लग्नाचं वय. पाणी लागत नाही. बोदवडला ते तसंही बेतानंच मिळतं.

सर्वप्रथम घरी बसा, पण बसलोय असं म्हणू नका. सरकारी श्रमबल सर्वेक्षणात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाराही कामावर धरला जातो. चालू आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम पुरतं. सकाळी कपाशीत एकदा डवरं फिरवलं, की उरलेला आठवडा तुम्ही देशाच्या रोजगारात जमा. स्टँडवर कोणी “सध्या काय करू राह्यला, भाऊ?” विचारलंच, तर “शेती पाहतो” म्हणा. “काही नाही” म्हणाल तर देशाचा आकडा बिघडेल.

या युक्तीत तुम्ही एकटे नाही. 2018-19मध्ये देशातले 42.5 टक्के कामकरी शेतीत होते; 2023-24मध्ये 46.1 टक्के झाले. त्याच 2023-24ची आर्थिक वाढ सरकारनं तात्पुरत्या अंदाजात 8.2 टक्के जाहीर केली होती, आणि वर्षाच्या हिशेबात बेरोजगारी भरली अवघी 3.2 टक्के. कारखान्याकडे निघालेला देश मधल्याच थांब्यावर वावरात उतरला, तरी प्रवास झकास चालल्याची नोंद झाली.

कारखान्यात माल वाढतो आणि माणसं घटतात, हे कसं जमतं ते पाहायचं असेल तर दिवाळीनंतर एखाद्या जिनिंगमध्ये जा. पूर्वी कापूस टोपल्यांनी डोक्यावरून वाहायचे, सरकी काढायच्या रेच्यात हातानं टाकायचे, रुई पुन्हा उचलून प्रेसपर्यंत न्यायचे. धुराळ्यात खोकत का होईना, माणसं लागायची. 2000 साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं. आता हवेचा पाइप ढिगातून कापूस ओढतो, रेच्यांना तो आपोआप पोचतो, रुई पट्ट्यावरून पुढे सरकते आणि 170 किलोची गाठ बांधून बाहेर पडते. माणसं थोडी, तीही हंगामापुरती. यंत्रावर माझा राग नाही. ती खोकणारी छाती काही परत नको. खोट पुढे आहे. या रुईचं सूत काढणाऱ्या जळगावची खान्देश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल बंद पडल्या. मग गाठ बाहेरगावी जाते आणि तिच्यामागून आपला पोरगा सुरतेला नाहीतर चाकणला. गाठीचं भाडं व्यापारी भरतो, पोराचं बाप.

ज्यांना गावातच राहायचंय त्यांनी फॉर्म भरावेत. 2023च्या तलाठी भरतीत जागा 4,644, अर्ज 10 लाखांवर. शुल्क खुल्या वर्गाला 1,000 आणि राखीव वर्गाला 900 रुपये. गुणाकार स्वतः करा, गणिताचा सराव होईल. 2024च्या पोलीस भरतीत 17,471 जागांना 17 लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. पहाटे मैदानावर पळताना शेजारच्याचा द्वेष करू नका. तोही तुमच्यासारखाच ‘शेती पाहतो’.

मधेच पगाराची चव घ्यायची असेल तर मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आहे. बारावीला महिना 6,000, पदवीला 10,000. आधी सहा महिने होते, मग वाढवून अकरा केले. बारावा मागू नका. ती नोकरी झाली असती.

वयाकडे मात्र लक्ष ठेवा. खुल्या वर्गातून पोलीस शिपायाला 28 वर्षांची मर्यादा आहे, तलाठ्याला 38ची. घरच्या शेतातल्या बिनपगारी मदतनिसाला वयाची अट नाही.