चौदा कुलगुरूंना एक अभिनंदनपत्र

प्रति,
मा. कुलगुरू (एकूण १४),
बिग टेन परिषद,
मुख्यालय : रोझमाँट, इलिनॉय, अमेरिका.

विषय : ११ ऑगस्ट २०२० रोजी घेतलेला निर्णय १६ सप्टेंबर २०२० रोजी फिरवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

महोदय / महोदया,

सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर तेव्हाच धाडायचं होतं. पण तुमचा फुटबॉल परत आणल्याचं श्रेय घेणाऱ्यांची रांग इतकी लांब होती, की नुसतं अभिनंदन करणाऱ्याने मागे थांबलेलंच बरं. आता गर्दी ओसरली आहे.

आमच्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करतो, तेवढा वेळ चहा घ्या. हा फुटबॉल मेस्सीचा नव्हे. डोक्यावर हेल्मेट चढवून, लांबट चेंडू काखेत मारून एकमेकांवर आदळण्याचा हा अमेरिकी खेळ. खेळतात कॉलेजची पोरं आणि बघायला लोटतं अख्खं राज्य. तुमच्या परिषदेचं नाव बिग टेन, आणि २०२० मध्ये सदस्य होते चौदा. एवढ्या नामवंत गणित विभागांच्या नाकावर टिच्चून हे नाव टिकलं, यावरूनच फुटबॉलपुढे विद्येचं कितपत चालतं ते कळावं. मिशिगन, पेन स्टेट आणि ओहायो स्टेट यांच्या मैदानांत प्रत्येकी लाखाहून जास्त माणूस बसतो. आमचं वानखेडे तीनदा भरलं तरी लाख होत नाहीत.

तर ५ ऑगस्टला तुम्ही हंगामाचं वेळापत्रक जाहीर केलंत आणि सहाव्या दिवशी हंगामच पुढे ढकललात. कारण वैद्यकीय दिलंत : करोना झालेल्या खेळाडूंच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते की काय, अशी शंका डॉक्टरांना होती. कारण रास्त होतं. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ परिषदेनेही तसंच ठरवलं. दक्षिणेतल्या विद्यापीठांनी मात्र सराव चालूच ठेवला, कारण तिकडची हृदयं बहुधा वेगळ्या घडणीची असावीत.

मग जे सुरू झालं ते पाहून आमच्यासारख्या मुरलेल्या प्रेक्षकांनाही तुमचा हेवा वाटला. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स याने ऑनलाइन अर्ज काढला, त्यावर तीन लाखांच्या आसपास सह्या पडल्या. खेळाडूंचे आईबाप रोझमाँटला तुमच्या दारात येऊन उभे राहिले. नेब्रास्काचे आठ खेळाडू कोर्टात गेले. सहा राज्यांतल्या रिपब्लिकन आमदारांनी मिळून तुम्हाला पत्र लिहिलं. आणि व्हाइट हाउसातून डोनाल्डजी ट्रम्प यांची ट्वीटमागून ट्वीट सुटू लागली. १ सप्टेंबरला त्यांनी तुमचे आयुक्त केव्हिन वॉरेन यांना फोन केला आणि गोष्ट अगदी गोलरेषेपासून एका यार्डावर आली आहे, असं जगाला कळवून टाकलं. देशात रोज शेकड्यांनी माणसं करोनाने मरत होती. त्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष वेळ काढून एका कॉलेज-स्पर्धेच्या आयुक्तांशी बोलतात, याला म्हणतात शिक्षणाची कळकळ.

कुणी कुजकट माणूस म्हणेल, की याचा ३ नोव्हेंबरच्या निवडणुकीशी संबंध होता. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, आयोवा, मिनेसोटा ही तुमची राज्यं निवडणुकीतही काठावरची मानली जात होती. पत्र लिहिणारे आमदार नेमके याच सहा राज्यांतले होते. पण योगायोग असतात. जो बायडन यांच्या प्रचारकांनीही तेव्हाच रिकाम्या स्टेडियमांची जाहिरात केली आणि ती तुमच्याच मुलखात दाखवली, हाही योगायोगच. एकाने खेळ आणून देतो म्हणायचं, दुसऱ्याने खेळ याच्यामुळेच गेला म्हणायचं.

मला जास्त कौतुक वाटलं ते राष्ट्राध्यक्षांच्या निवडक वाचनाचं. ऑगस्टच्या सुरुवातीला पॅक-१२ मधल्या खेळाडूंनी मागण्यांची यादी काढली होती : सुरक्षेचे नियम हवेत, आणि आमच्या जिवावर जो पैसा येतो त्यातला निम्मा वाटा हवा. आठवड्याभराने क्लेमसन विद्यापीठाचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि इतर खेळाडूंनी ‘आम्हाला खेळायचंय’ म्हणत निवेदन दिलं. त्यात सगळीकडे सारखे आरोग्य-नियम मागितले होते, भीती वाटेल त्याला नुकसान न होता घरी बसण्याची मुभा मागितली होती आणि शेवटी खेळाडूंची संघटना काढण्याचं म्हटलं होतं. डोनाल्डजींनी यातलं ‘खेळायचंय’ एवढंच उचललं. संघटनेची ओळ त्यांच्या चष्म्यातून निसटली असावी. त्या सहा राज्यांच्या आमदारांच्याही.

१६ सप्टेंबरला तुम्ही एकमताने हंगाम परत सुरू केलात. ऑगस्टमध्ये पुढे ढकलण्याच्या बाजूने ११ मतं होती आणि विरोधात नेब्रास्का, आयोवा, ओहायो स्टेट अशी ३. पाच आठवड्यांत ११ जणांचं मतपरिवर्तन! गांधीजींनाही एवढ्या वेगाने जमलं नसतं. तुमच्या मंडळाचे अध्यक्ष, नॉर्थवेस्टर्नचे मॉर्टन शापिरो यांनी खुलासाही केला : राजकीय दबाव नव्हता, पैसा नव्हता, खटले नव्हते, बाकीचे काय करताहेत तेही नव्हतं, फक्त डॉक्टरांचं एकमत होतं. न विचारलेल्या इतक्या गोष्टींना एका दमात नाही म्हणणारा माणूस एरवी पोलिस ठाण्यात भेटतो.

न्यायाने बोलायचं तर डॉक्टरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सप्टेंबरात झटपट चाचण्या हाती आल्या. रोज चाचणी, बाधित निघाला तर किमान २१ दिवस सामना बंद, मग हृदयाचा एमआरआय, असे कडक नियम तुम्ही केलेत. गंमत वेळेची आहे. घोषणेच्या पाचच दिवस आधी, ११ सप्टेंबरला, करोना होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या तपासणीचा अहवाल छापून आला. त्यातल्या चौघांच्या हृदयात सुजेची चिन्हं दिसली होती. हा अभ्यास झाला ओहायो स्टेटमध्ये, म्हणजे ‘खेळू द्या’ म्हणणाऱ्या तिघांपैकी एकाच्या घरात. पुढच्या वर्षी तुमच्याच दीड हजारांवर खेळाडूंच्या नोंदींत हे प्रमाण २.३ टक्केच निघालं, म्हणजे धोका वाटला होता त्याहून कमी ठरला. पण ते २०२१ मध्ये कळलं. १६ सप्टेंबरला हात वर करताना तुमच्यासमोर कागद होता तो चौघांचा.

आणि त्याच १६ सप्टेंबरला मॅडिसनमध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात, काय चाललं होतं? वर्ग दोन आठवड्यांसाठी बंद करून ऑनलाइन केले होते. दोन मोठ्या वसतिगृहांतली २,२०० च्या आसपास मुलं विलगीकरणात अडकली होती. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाबाहेर पडायची मनाई आणि फुटबॉलच्या विद्यार्थ्याला मैदानावर यायचं निमंत्रण. दोघेही विद्यार्थीच, बरं का! खेळाडू हा नोकर नसून विद्यार्थी आहे, त्यामुळे त्याला पगार देता येत नाही, हे तर तुम्हीच तोवर वर्षानुवर्षं सांगत आला होतात. तेव्हा त्याला शिष्यवृत्ती मिळे आणि त्याच्या प्रशिक्षकाला वर्षाला काही दशलक्ष डॉलर. (तुमच्यात इलिनॉयने आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा लाळेची चाचणी केली. त्यांच्यापुरता हा परिच्छेद मागे घेतो.)

पैसा नव्हता म्हणालात, ते आयोवाच्या जलतरणपटूंना पटवून द्या. २१ ऑगस्टला आयोवाने फुटबॉल गेल्यामुळे उत्पन्न बुडणार, असं कारण देत पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस आणि स्त्री-पुरुष दोघांचं जलतरण कायमचं बंद करत असल्याचं जाहीर केलं. फुटबॉल परत आला. हे खेळ आले नाहीत. मुली कोर्टात गेल्या तेव्हा त्यांचं जलतरण तेवढं वाचलं. टेनिसवाल्या पोरांसाठी कुणा राष्ट्राध्यक्षाने ट्वीट केल्याचं आढळलं नाही.

म्हणून माझं मत असं, की दबाव वगैरे फार झाला असं आपण उगाच मानतो. डोनाल्डजींनी ढकललं ते दार तुम्ही बंद केलं होतं खरं, पण कडी लावलेली नव्हती. टीव्हीचे पैसे बुडणार, शेजारच्या परिषदा खेळणार, उद्या चांगली पोरं तिकडे जाणार. या धाकाने तुम्ही आतून हात मुठीवर ठेवूनच बसला होतात. त्यांनी बाहेरून धक्का मारला आणि दार मीच उघडलं म्हणून गावभर सांगितलं. २९ सप्टेंबरला क्लीव्हलँडच्या वादसभेत बायडनसमोरही हेच सांगून झालं. मग २ ऑक्टोबरला कळलं, की त्यांनाच करोना झाला आहे. तुमचा २१ दिवसांचा नियम लावला असता तर राष्ट्राध्यक्ष २३ ऑक्टोबरच्या आधी मैदानात दिसते ना, आणि नेमका त्याच रात्री तुमचा पहिला सामना होता. ते १२ तारखेलाच फ्लोरिडात जाहीर सभा घेत होते. तुमच्या नियमांवर एवढा विश्वास असलेला पुरस्कर्ता दुसरा मिळणार नाही.

हंगामाबद्दल जास्त लिहीत नाही, जखमेवर मीठ नको. सगळ्यांत मोठ्याने खेळू द्या म्हणणारं नेब्रास्का पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून ५२-१७ हरलं. दुसरा सामना विस्कॉन्सिनशी होता. तो विस्कॉन्सिनच्या संघातच करोना शिरल्याने रद्द झाला. ओहायो स्टेट आणि मिशिगन १९१८ पासून दरवर्षी लढत आले होते. ती लढत रद्द झाली. अंतिम फेरीसाठी सहा सामने हवेत असा तुमचाच नियम होता. ओहायो स्टेटचे पाचच झाले, तेव्हा नियम रद्द झाला. आणि निवडणुकीत मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं बायडनकडे गेली. फुटबॉल दिला तरी मत दिलं नाही, लोक किती कृतघ्न!

आम्ही हसतोय असं समजू नका. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात अंतिम वर्षाच्या परीक्षांवरून राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग भांडत होते. युवा सेना परीक्षा नको म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २८ ऑगस्टला न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं. इकडेही मुलांच्या नावाने सगळे बोलत होते, मुलांना मात्र कुणी विचारत नव्हतं.

तेव्हा एक विनंती. ११ विरुद्ध ३ हा आकडा तुम्ही आपणहून सांगितला नव्हता. नेब्रास्काच्या त्या आठ पोरांनी कोर्टात खेचलं, उत्तर दाखल करावं लागलं, म्हणून तो बाहेर आला. पुढच्या साथीत किंवा पुढच्या निवडणुकीत, जे आधी येईल तेव्हा, कुणी कसं मत दिलं आणि डॉक्टरांनी काय लिहून दिलं ते त्याच संध्याकाळी जाहीर करा. आणि ज्यांना मैदानात उतरवायचं, त्यांचा एक माणूस त्या बैठकीत बसवा, मताच्या अधिकारासह.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दूरचा प्रेक्षक

ता. क. : राष्ट्राध्यक्षांनी मदतीबद्दल मोबदला मागितला तर जुना दाखला उपयोगी पडेल. १९८० च्या दशकात ते यूएसएफएल या फुटबॉल लीगमधल्या न्यू जर्सी जनरल्स संघाचे मालक होते. त्या लीगने मोठ्या एनएफएलवर दावा लावला आणि १९८६ मध्ये जिंकलाही. ज्यूरीने नुकसानभरपाई ठरवली एक डॉलर; कायद्याने ती तिप्पट झाली, तीन डॉलर.